स्वमग्न मुलांचे वर्तनोपचार : मुलाच्या नकाराची नोंद कोण घेणार?

मलप्रभाकाठ

बेळगावात गेल्या काही वर्षांत स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी थेरपी सेंटरे बरीच निघाली आहेत, आणि खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांतून आम्ही पालक मुलांना घेऊन तिथे जात असतो. निदानाच्या कागदाबरोबरच ‘एबीए’ (अप्लाइड बिहेविअर अॅनालिसिस) हे नावही हाती पडते. वर्तन-विश्लेषणावर आधारलेली ही पद्धत चांगली की वाईट, असा एका ओळीचा प्रश्न मला विचारायचा नाही. मुलाचे कोणते वागणे बदलायचे हे कोण ठरवते, कोणाच्या सोयीसाठी ठरवते, आणि ज्या मुलाला बोलता येत नाही त्याने नकार दिला तर तो नकार म्हणून लिहिला जातो की ‘नॉन-कम्प्लायन्स’ (सांगितलेले न ऐकणे) म्हणून, हे मला विचारायचे आहे.

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. तो जात असे त्या सेंटरमध्ये काचेतून पाहण्याची सोय होती. थेरपिस्टताई जेम्सची गोळी आपल्या दोन्ही भुवयांच्या मधोमध धरीत आणि ‘माझ्याकडे बघ’ म्हणत. नजर तिथवर आली की गोळी त्याच्या तोंडात जाई. आनंद झाला की तो बोटे फडफडवतो. त्यावर ‘हात खाली’ असे सांगितले जाई, हात खाली राहिले की तक्त्यावर एक चांदणी लागे, आणि चांदण्यांची ओळ भरली की मोबाइलवर थोडा वेळ रेल्वेचा व्हिडिओ मिळे. कोणी ओरडत नव्हते, मारत तर नव्हतेच, हे मी मुद्दाम लिहिते. परंतु पुढे तो घरीही तळहात मांड्यांखाली दाबून बसू लागला. खानापूर स्टेशनात गाडी शिरताना पाहण्याइतका आनंद त्याला दुसऱ्या कशाचाच नाही, आणि त्या बाकावरही तो स्वतःच्या हातांवर बसून राहिला. प्रगतिपत्रकात या रकान्यापुढे ‘उद्दिष्ट साध्य’ असे लिहून आले.

दुसरी गोष्ट भडंगाची. ते त्याला फार आवडते, म्हणून बक्षीस म्हणून तेच वापरायचे ठरले, आणि घरी देऊ नका, नाहीतर सेंटरमध्ये त्याची ओढ राहणार नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. शास्त्राच्या हिशेबाने ते बरोबरही असेल. पण संध्याकाळी घरातले सगळे परातीभोवती बसलेले असताना एकाच मुलाने ते काम करून मिळवायचे, हे मला पटले नाही आणि माझ्या सासूबाईंना तर अजिबात पटले नाही. त्या गुपचूप देत असत. मी पाहून न पाहिल्यासारखे करीत असे.

संमतिपत्र इंग्रजीत आणि कन्नडमध्ये होते. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. बोलीपुरते कन्नड येते, परंतु ‘रिइन्फोर्सर’, ‘एक्स्टिंक्शन’ असल्या शब्दांनी भरलेल्या मजकुराखाली मी जी सही केली तिला संमती म्हणावे की केवळ सही, हा प्रश्न आहेच.

या पद्धतीचा इतिहास थोडा वाचला. मानसशास्त्रज्ञ ओले इव्हार लोवास यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात १९ लहान मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास प्रशिक्षण दिले होते, आणि त्यांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत व बुद्धिमापनात इतरांसारखी झाली असे म्हटले होते. ‘४७ टक्के’ हा आकडा आजही माहितीपत्रकांतून फिरतो तो तिथलाच. त्याच प्रयोगात मोठ्याने ‘नाही’ म्हणून दरडावणे आणि मांडीवर चापट मारणे यांचाही वापर झाला होता, हे मात्र कोणतेही माहितीपत्रक सांगत नाही. आणि ‘इतरांसारखी झाली’ हेच यशाचे माप असेल, तर ते माप मुलाचे झाले की इतरांचे?

वर्तनोपचारक_बेळगाव

ताई, मी याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे माझे म्हणणे पक्षपाती वाटण्याचा संभव आहे, तरीही लिहिते. आपण वर्णन केलेले ‘हात खाली’ हे उद्दिष्ट मी लिहिले नसते. हात फडफडवण्याने मुलाला इजा होत नाही, कोणाचे काही बिघडत नाही. ते थांबवायला कारणच नाही. नजरेला नजर देण्याचा सराव आम्ही सोडून दिला आहे. मूल वस्तूकडे पाहून माणसाकडे वळते का, एवढेच पाहणे पुरते.

परंतु एका वाईट उद्दिष्टावरून संपूर्ण शास्त्र मोडीत काढू नये. स्वतःला इजा करणाऱ्या मुलांच्या वागण्याची कारणे आधी शोधावीत, मग उपाय ठरवावा, ही रीत ब्रायन आयवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली घालून दिली. चिडचिडीमागे काहीतरी मागणी असते, ती मागणी करण्याचा सोपा मार्ग शिकवला तर चिडचिड आपोआप उतरते, हे कार आणि ड्युरँड यांनी १९८५ साली दाखवले. न बोलणारी मुले चित्राचे कार्ड देऊन पाणी मागतात ती पद्धतही याच विचारातून आली. शौचाची सवय, रस्त्यावर हात न सोडणे, दात घासू देणे हे सारे टप्प्याटप्प्याने शिकवता येते आणि त्यासाठी मुलाचा अपमान करावा लागत नाही. लोवास यांची चापट आजच्या प्रशिक्षित माणसाच्या माथी मारू नये. अमेरिकेतील एका संस्थेत विजेचे झटके देत असत, त्या प्रकाराविरुद्ध २०२२ साली आमच्याच आंतरराष्ट्रीय संघटनेने भूमिका घेतली.

एक गोष्ट मात्र कबूल करण्याजोगी आहे. आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, वाचा व श्रवणतज्ज्ञ असे वर्ग आहेत. वर्तन-विश्लेषक असा वेगळा वर्ग नाही. त्यामुळे अल्पमुदतीचा ऑनलाइन कोर्स करून कोणीही दारावर ‘एबीए थेरपिस्ट’ अशी पाटी लावू शकतो. ‘हात खाली’ त्या पाटीमागून येते.

निपाणीकर

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती भिंतीवर डोके आपटून घेत असे. कपाळावर गाठ कायमची होती, एकदा टाके घालावे लागले. बेळगावच्या एका मॅडमनी आधी तिला काही शिकवलेच नाही. फक्त आमच्याकडून वही लिहून घेतली. डोके केव्हा आपटते, त्याच्या आधी काय झाले होते, नंतर आम्ही काय केले, एवढेच लिहायचे. आमच्या घरामागे तंबाखूची वखार आहे, तिथे माल उतरवणाऱ्यांचा गलका सुरू झाला की ती आपटते, आणि आम्ही तिला उचलून आतल्या खोलीत नेतो, हे त्या वहीतून दिसले. म्हणजे आतल्या खोलीत जाण्यासाठी डोके आपटावे लागते, हे तिला आम्हीच शिकवले होते. मॅडमनी तिला एक लाल पत्ता (कार्ड) द्यायला शिकवले. पत्ता दिला की लगेच आत, प्रश्न नाही. आता कपाळ ठीक आहे.

मलप्रभाकाठ ताई, आपल्या मुलाचे हात आणि माझ्या मुलीचे डोके यांत फरक आहे, एवढेच मला म्हणायचे आहे. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी लेखांत वर्तनोपचार म्हणजे अत्याचार असे सरसकट लिहिलेले वाचले की मला राग येतो. ते लिहिणाऱ्यांनी रात्री कपाळावर बर्फ धरून बसलेल्या माणसाला विचारावे.

नंदगडचा_मुलगा

मी स्वतः स्वमग्न आहे. निदान वयाच्या तिशीनंतर पुण्यात झाले. नंदगडच्या शाळेत असताना माझ्याबद्दल ‘हुशार आहे पण शिष्ट आहे’ असे मत होते. एबीए माझ्या वाट्याला आले नाही, त्यामुळे मी त्याचा साक्षीदार नाही. पण त्या पद्धतीने जे साधायचे असते ते मी शिक्षकांच्या छडीखाली आणि मुलांच्या हसण्याखाली स्वतःच साधले, म्हणून लिहितो.

समोरच्याच्या डोळ्यांत पाहिले की त्याचे शब्द मला ऐकू येत नाहीत. आवाज येतो, अर्थ लागत नाही. म्हणून मी नाकाच्या शेंड्याकडे पाहायला शिकलो. त्यामुळे गुरुजी खूश झाले आणि मला गणित कळेनासे झाले. बोटांची चाळवाचाळव खिशात नेली. संध्याकाळी घरी आलो की जेवणही नको वाटे, आणि आई म्हणे, शाळेत तर छान होतास. हे असे लपवत राहणे आणि नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार यांचा संबंध अलीकडच्या अभ्यासांतून पुढे आलेला आहे. आपल्या उद्दिष्टांच्या तक्त्यात ही किंमत लिहिण्यासाठी रकाना नसतो.

निपाणीकर काकांच्या मुलीला जे शिकवले त्याच्याशी माझे भांडण नाही. तिथे मुलीला नकार देण्याचे साधन मिळाले. ‘हात खाली’ मध्ये नकाराचे साधन काढून घेतले गेले. दोन्ही एकाच नावाखाली चालतात, ही खरी अडचण आहे. आणि जे मूल दिवसाचे अनेक तास मोठ्या माणसाचे ऐकले की खाऊ मिळतो एवढेच शिकते, ते पुढे कोणत्याही मोठ्या माणसाचे ऐकेल. अपंग मुलांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारांचे प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असते हे जाणणाऱ्या पालकांना याहून स्पष्ट सांगण्याची गरज नसावी.

डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली असे मांडले की न समजणे दोन्ही बाजूंनी असते. आम्हाला तुम्ही कळत नाही तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. सराव मात्र आम्हालाच दिला जातो. वर्तनोपचारक मॅडम, विजेच्या झटक्यांविरुद्ध संघटनेने २०२२ साली भूमिका घेतली हे आपण जमेच्या बाजूला लिहिलेत. मी तारीख पाहून चकित झालो.

वर्तनोपचारक_बेळगाव

तारखेबद्दल आपले म्हणणे मान्य आहे. त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

आकडेशास्त्री

पुराव्याबद्दल काही. लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासात कोणते मूल कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरलेले नव्हते. प्रशिक्षक उपलब्ध आहेत की नाहीत यावर ते अवलंबून होते. त्यामुळे ४७ टक्के हा आकडा कायद्यासारखा सांगणे चूक आहे. वैद्यकीय पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा लहान वयातील सघन वर्तनोपचारांवरील आढावा २०१८ साली आला, त्यात निकषांत बसणारे अभ्यास केवळ पाच निघाले आणि मुले एकूण २१९. काही लाभ दिसतो, पण पुरावा कमकुवत आहे असा त्याचा निष्कर्ष होता. शिवाय या क्षेत्रातील बहुसंख्य शोधनिबंधांत दुष्परिणाम झाले का याचा उल्लेखच नसतो. औषधाच्या बाबतीत असे कोणी खपवून घेतले नसते. उलट बाजूने, एबीएमुळे मानसिक आघाताची लक्षणे दिसतात असे सांगणारी २०१८ ची जी पाहणी वारंवार पुढे केली जाते ती स्वेच्छेने उत्तरे देणाऱ्यांची ऑनलाइन पाहणी होती आणि तिच्या पद्धतीवरील टीका योग्य आहे. दोन्ही बाजूंचे आकडे सारख्याच कसोटीवर घासावेत.

तासांचा मुद्दा सीमाभागाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ‘जितके तास जास्त तितका फायदा जास्त’ असे पालकांना सांगितले जाते. २०२४ साली शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले असता तासांची संख्या आणि लाभ यांचा असा संबंध आढळला नाही. जांबोटी किंवा कणकुंबीहून पावसाळ्यात बस पकडून येणाऱ्या माणसाला हे कोणीतरी सांगायला हवे. (कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे बायकांना बसचे तिकीट लागत नाही, म्हणून मुलाला नेण्या-आणण्याचे काम सगळीकडे आईकडेच आले आहे, हा दुष्परिणामही कुठे नोंदलेला नाही.)

आणि आपल्या शेजारचेच उदाहरण घ्यायचे तर गोव्याचे आहे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ६५ मुलांवर एक चाचणी झाली, ती २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिथे तज्ज्ञांनी मुलाला खुर्चीत बसवले नाही. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आई-वडील मुलाशी खेळतानाचे चित्रण केले आणि ते त्यांनाच दाखवून, मुलाने केलेला कोणता इशारा तुमच्या नजरेतून सुटला, यावर चर्चा केली. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून अधिक संवाद सुरू करू लागली. सगळेच सुधारले असे नाही. दोघांनी मिळून एका गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ उलट घटला. पण चोर्ल्याच्या घाटापलीकडे जे झाले ते आपल्याकडे विचारातही घेतले जात नाही, कारण आपल्याला थेरपी म्हणजे टेबल, खुर्ची आणि फी एवढेच ठाऊक आहे.

वडगावची_आजी

माझा नातू साडेचार वर्षांचा आहे. आमचे घर विणकरांचे. मुलगा यंत्रमागावर असतो आणि सून नातवाला घेऊन सेंटरला जाते. तिथे सांगितले की मुलाचा गोंधळ होतो, म्हणून घरात एकच भाषा ठेवा, आणि शाळा व थेरपी कन्नड-इंग्रजीत आहे तर तीच ठेवा. तेव्हापासून सून त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत बोलते, मुलगा गप्प बसतो आणि मी तर बोलूच नये असे ठरले आहे. तो पूर्वी माझ्या पदराला धरून ‘दे’ म्हणत असे. आता ‘गिव्ह’ म्हणतो, पण माझ्याकडे येत नाही. हे शास्त्राप्रमाणे आहे का, एवढे कोणी सांगावे.

वाचा_उपचारक

आजी, नाही. शास्त्राप्रमाणे नाही. दोन किंवा अधिक भाषांच्या घरात वाढणाऱ्या स्वमग्न मुलांचे अनेक अभ्यास झाले आहेत आणि दुसऱ्या भाषेमुळे त्यांचे बोलणे आणखी लांबते असे त्यांत आढळलेले नाही. उलट आई-वडिलांना जी भाषा सहज येते तीत बोलणे, गाणे, रागावणे, लाड करणे हेच मुलाला सर्वाधिक मिळते. मोडक्या भाषेत माणूस फक्त हुकूम देऊ शकतो, ‘कम’, ‘सिट’, ‘गिव्ह’. गप्पा मारू शकत नाही. आपण आजपासून बोला. सूनबाईंना हा प्रतिसाद दाखवा.

सेंटरची अडचणही सांगते, ती खोटी नाही. बेळगावात काम करणाऱ्या थेरपिस्ट मुली धारवाड, हुबळी, बागलकोट भागांतून येतात. त्यांना मराठी येत नाही, यात त्यांचा दोष नाही. पण आपल्याला मुलाची भाषा येत नाही म्हणून मुलाने भाषा सोडावी, हा सल्ला उपचार म्हणून देणे हे व्यावसायिक नीतीत बसत नाही. चित्रांच्या कार्डांवर दोन्ही लिप्यांत शब्द छापणे एवढे तरी कोणत्याही सेंटरला परवडते. घरी मराठी वाचले जाईल, तिथे कन्नड.

वकील_टिळकवाडी

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नता ही स्वतंत्र नोंद असलेली अपंगत्वाची श्रेणी आहे. या कायद्याचे कलम ४ पालकांच्या फारसे वाचनात नसते. अपंग मुलांना त्यांच्याशी संबंधित सर्व बाबींत आपले मत मोकळेपणाने मांडण्याचा इतरांइतकाच हक्क आहे आणि वय व अपंगत्व लक्षात घेऊन त्यासाठी साहाय्य मिळाले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. मत म्हणजे फक्त बोललेले शब्द असा संकुचित अर्थ या कायद्याला अभिप्रेत नाही. संपर्काच्या व्याख्येत खुणा आणि इतर साधनेही येतात. म्हणजे नंदगडच्या मित्राने जे नैतिक म्हणून मांडले त्याला कायद्याचा आधार आहे. कलम ६ क्रूर व अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षण देते आणि कलम ७ प्रमाणे छळाची तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे.

संमतीबद्दल २००८ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले आहे की उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती. तो निकाल वैद्यकीय शस्त्रक्रियेसंबंधी होता, तरी तत्त्व इथे लागू करता यावे असे माझे मत आहे. न वाचता येणाऱ्या भाषेतील कागदावरची सही त्या कसोटीला कशी उतरेल? मात्र मराठीत फॉर्म मागताना भाषिक अल्पसंख्याकांच्या घटनात्मक तरतुदींवर फार भिस्त ठेवू नका. अनुच्छेद ३५०-अ प्राथमिक शिक्षणाबद्दल आहे, तेही राज्यासाठी; खासगी सेंटरला तो थेट बांधत नाही. सीमाप्रश्नाची चर्चा इथे आणली की समोरचा माणूस फॉर्म देण्याऐवजी भूमिका घेईल. संमतीचा मुद्दा स्वतःच्या पायावर पुरेसा उभा आहे.

निपाणीकर

वकीलसाहेब, कायदा समजला. पण शाळेचे काय? ‘हात खाली’ हे उद्दिष्ट बहुतेक वेळा थेरपिस्टच्या डोक्यातून येत नाही, आमच्याच तोंडून येते. मुख्याध्यापक सांगतात, मूल वर्गात हात हलवते, इतर पालक तक्रार करतात, आधी ते थांबवा मग पाहू. बापाने काय करावे? शाळेला कलम दाखवावे की मुलाचे हात थांबवावेत? मी तरी हातच थांबवले असते. माझ्या मुलीला ते सुदैवाने लागले नाही.

मलप्रभाकाठ

काका, आपला प्रश्न माझ्या मूळ प्रश्नाच्या गाभ्याला जाऊन भिडतो. प्रवेश नाकारता येणार नाही असे २०१६ चा कायदा सांगतो, आणि नाकारला तर आपण पुढच्या शाळेत जातो, कारण जूनमध्ये कोर्टात जाण्याइतका वेळ आणि पैसा कोणाजवळ असतो? पण मग ते उद्दिष्ट ज्याचे आहे त्याच्या नावाने लिहावे, एवढे तरी करता येईल. तक्त्यावर ‘हात खाली ठेवणे : मुलाच्या हितासाठी’ असे न लिहिता ‘शाळेच्या अटीसाठी’ असे लिहावे. तसे लिहिले की थेरपिस्टला मर्यादा कळेल, आम्हाला वर्षाअखेरीस शाळेशी पुन्हा बोलता येईल, आणि घरी, स्टेशनात, अंगणात हात मोकळे ठेवता येतील. मुलाने सर्वत्र आणि कायम तसे राहावे असे कोणीच मागितले नव्हते. ते मधल्यामध्ये कुठेतरी घुसले.

मी सेंटर बदलले आहे. नव्या ठिकाणी संमतिपत्राच्या मराठी मसुद्यात एक रकाना घालावा असे सुचवले आहे : ‘या मुलाचा नकार कसा ओळखावा?’ तो पालकांनी भरायचा. माझ्या मुलाच्या बाबतीत मी लिहीन की तो आधी डावा कान खांद्याला घासतो, मग खुर्ची मागे सरकवतो, आणि त्याकडेही लक्ष दिले नाही तर रडतो. रडेपर्यंत थांबायचे नाही. कान घासला की थांबायचे.

वर्तनोपचारक_बेळगाव

रकाना मला मान्य आहे, मी आमच्याकडेही घालीन. परंतु प्रत्येक नकाराला थांबायचे म्हटले तर दात घासणे, नखे कापणे, ताप मोजणे, इंजेक्शन यांचे काय करायचे? एक मूल बराच काळ दातांना हात लावू देत नाही, आणि मग भूल देऊन दात काढावे लागतात, हे मी पाहिले आहे.

नंदगडचा_मुलगा

त्या यादीत डोळ्यांत पाहणे नाही, हात खाली ठेवणे नाही, खुर्चीत स्थिर बसणे नाही, मॅडम. आरोग्य आणि जीव यांचा प्रश्न असेल तिथे नकार ओलांडावा लागतो. ज्याला बोलता येते त्याचाही ओलांडतात. फक्त ओलांडला असे लिहावे, आणि का ओलांडला तेही. दात घासण्यापूर्वी ब्रश हातात देऊन खेळू दिले होते का, पेस्टची चव बदलून पाहिली होती का, हेही त्याच ओळीत येऊ द्या. मला पुदिन्याची पेस्ट अजूनही जाळते. मी बडीशेपेची वापरतो.

वर्तनोपचारक_बेळगाव

‘नकार ओलांडला, कारण’ असा वेगळा रकाना. ठीक आहे. बक्षिसांबद्दलही एक ओळ घालते : घरच्या रोजच्या खाण्यातले काहीही बक्षीस म्हणून राखून ठेवायचे नाही. संध्याकाळच्या तुकडीला माझ्याकडे दोनच मुली आहेत, एवढे सगळे लिहीत बसल्या तर मुलांकडे कोण पाहणार, असे त्या म्हणतील; त्यासाठी खुणा करण्यापुरता छापील तक्ता करावा लागेल. पालकांना काचेऐवजी खोलीत बसू देण्याबद्दल मात्र मी अजून अनुकूल नाही. काही मुले आई समोर असली की काहीच करीत नाहीत.

वाचा_उपचारक

काहीच करीत नाहीत, की आईकडे जातात? दुसरे असेल तर तेच मुलाचे मत समजून कामाला तिथून सुरुवात करता येईल. गोव्याच्या चाचणीत सगळे काम आईसोबतच झाले होते.

वकील_टिळकवाडी

मसुदा तयार झाला की माझ्याकडे पाठवा, शब्द तपासून देतो, शुल्क नाही. फॉर्म केवळ मराठीत करू नका. डावीकडे मराठी आणि उजवीकडे कन्नड असा एकाच पानावर छापा, कारण नकाराचा रकाना भरणार पालक, पण रोज वाचणार त्या धारवाडच्या मुली.